चढलेल्याने उतरावे कसे?

देवगिरीचा किल्ला चढताना दम लागतो आणि उतरताना पाय आपोआप पुढे पडतात. उपग्रहाचे असे नाही. त्याला वर नेणारा अग्निबाण असतो. खाली आणणारे बहुधा कोणीच नसते.

२२ जून २०१६ रोजी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बांधलेला 'स्वयम्' श्रीहरिकोट्याहून निघाला. वजन जेमतेम एक किलो. तीन महिन्यांनी, २६ सप्टेंबरला, पवईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांचा दहा किलोंचा 'प्रथम' गेला. कॉलेजातल्या मुलांनी हे करावे, याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु दोहोंपैकी एकालाही स्वतःचे इंजिन नव्हते. 'स्वयम्' सुमारे पाचशे किलोमीटरांवर होता. तेथली विरळ हवा अशा उपग्रहाला काही वर्षांत खाली ओढते. 'प्रथम' गेला ६७० किलोमीटरांच्या आसपास. तेथे हवा इतकी क्षीण की काम काही महिन्यांचे, पण मुक्काम दशकांचा! दोष विद्यार्थ्यांचा नव्हे. अवघ्या जगाची रीतच तशी होती. १० फेब्रुवारी २००९ रोजी सैबेरियावर एक निकामी रशियन उपग्रह व एक चालू अमेरिकन उपग्रह एकमेकांवर आदळले आणि दोन हजारांच्या आसपास मोठे तुकडे पसरले. तेव्हा कोठे लोकांना जाग आली.

आता उपाय पाहा. साध्या इंजिनातील तप्त वायू सेकंदाला तीनएक किलोमीटर वेगाने सुटतो. विजेच्या इंजिनात झेनॉनसारख्या वायूच्या अणूंतून इलेक्ट्रॉन काढून घेतात व उरलेल्या भारित कणांना विजेने फेकतात. त्यांचा वेग दहा-वीस किलोमीटरांवर जातो. म्हणजे इंधन थोडे, लाभ मोठा. कल्पना जुनी आहे. अमेरिकेचे गोडार्ड १९०६ मध्ये आणि रशियाचे त्सिओल्कोव्हस्की १९११ मध्ये या विचाराशी येऊन ठेपले होते. २० जुलै १९६४ रोजी अमेरिकेच्या 'सर्ट-१' यानावर असे इंजिन अर्धा तास चालले. आपल्याकडे 'जीसॅट-४' वर ही इंजिने बसविली होती. पण १५ एप्रिल २०१० रोजी अग्निबाणाने दगा दिला आणि सारे बंगालच्या उपसागरात गेले. पुढे ५ मे २०१७ रोजी 'जीसॅट-९' वर ती यशस्वीपणे गेली.

पण हे मोठ्या उपग्रहांचे झाले. लहानांचे काय? 'प्रथम'एवढ्या उपग्रहावर असे इंजिन आहे असे क्षणभर धरा. त्याचा जोर किती? तांदळाचे पाच दाणे तळहातावर ठेवले तर जेवढा भार वाटेल, तेवढाच. हा जोर गतीच्या उलट दिशेने अखंड लावला, तर दिवसाला सेकंदामागे साडेआठ मीटर वेग खाल्ला जातो. ६७० वरून ४०० किलोमीटरांवर येण्यास सुमारे दीडशे मीटर पुरतात, म्हणजे अडीच आठवडे आणि दीडशे ग्रॅम वायू! पुढचे काम हवा करते.

मग अडते कोठे? विजेपाशी. एवढ्या जोरासाठी सुमारे तीस-चाळीस वॅट लागतात आणि लहान उपग्रहाच्या अंगावरील सौरपट्ट्या देतात त्यांचा एक अंश. बॅटरीत वीज साठवून, थांबत थांबत ढकलावे लागते; आठवड्यांचे महिने होतात. शिवाय इंजिन जितके लहान, तितकी वीज वाया अधिक. खरा झगडा येथे आहे, आणि मला वाटते तो वर्तमानपत्रांतील बातम्यांत कधी दिसत नाही.

बंगळूरच्या 'बेलाट्रिक्स' या कंपनीने आपल्या प्लाझ्मा-इंजिनाचा इलेक्ट्रॉन पुरविणारा भाग १ जानेवारी २०२४ रोजी पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यावर बसवून अंतराळात पारखला. गंमत अशी की, ज्या टप्प्यावर ही परीक्षा झाली त्याला ३५० किलोमीटरांपर्यंत उतरविले ते त्याच्याच जुन्या रासायनिक इंजिनाने. २१ मार्च २०२४ रोजी तो वातावरणात शिरला आणि जळाला.