रात्रीचे कारंजे आणि छायाचित्रकाराची काच

इ. स. १६१७ च्या पावसाळ्यात बादशहा जहांगीर धारजवळील मांडूच्या किल्ल्यावर मुक्कामास होता. शबे-बरातच्या रात्री नूरजहानने तलावांच्या मध्यभागी असलेल्या एका महालात मेजवानी केली, आणि तलावांच्या काठांवर व भोवतालच्या इमारतींवर दिवे व कंदील लावविले. त्यांचे प्रतिबिंब पाण्यात पडून सारा तलाव पेटल्यासारखा दिसला, असे बादशहाने आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. त्याच्या पदरी उस्ताद मन्सूरसारखे चित्रकार होते. परंतु त्या रात्रीचे पाणी आपल्यापर्यंत आले आहे ते मुख्यतः शब्दांतून. रात्र, दिवा आणि हलते पाणी ही तीन एकत्र आली म्हणजे ती कशावर उमटवावी, हा प्रश्न एवढा जुना आहे.

छायाचित्रणाची कला आली तेव्हा हा प्रश्न सुटेल असे वाटावे. पण झाले उलटेच. नव्या कलेला सर्वांत जड गेले ते हेच काम. त्याची कहाणी मुंबईच्या फ्लोरा फाउंटनइतकी चांगली दुसरे कारंजे क्वचितच सांगेल.

हे कारंजे तेथे उभे राहावयाचे नव्हतेच. पश्चिम हिंदुस्थानच्या कृषि-उद्यान संस्थेने ते भायखळ्याच्या व्हिक्टोरिया बागेसाठी योजिले होते. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ ह्याचा, कोरीव काम जेम्स फोर्सिथ ह्याचे, आणि दगड इंग्लंडातून आणलेला पोर्टलंडचा. करसेटजी फर्दुनजी पारेख ह्या पारशी गृहस्थांनी खर्चाचा मोठा वाटा उचलला. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर ह्यांच्या नावाने ते प्रथम ओळखले जावयाचे होते. पण माथ्यावर उभ्या असलेल्या रोमन पुष्पदेवतेचेच नाव लोकांच्या तोंडी बसले. फ्रियरसाहेबांच्या अमदानीत मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडण्यात आल्या. सेंट थॉमसच्या देवळाकडे जाणारा जो ‘चर्चगेट’ दरवाजा होता तोही गेला, आणि त्या मोकळ्या जागी १८६० नंतरच्या दशकात हे कारंजे आले. दरवाजा नाहीसा झाला तरी त्याचे नाव मात्र थोडे पश्चिमेस सरकून रेल्वेच्या स्टेशनावर जाऊन बसले. नावांची ही चाल मोठी गमतीची असते.

कारंजे उडावयाचे तर पाण्यास दाब हवा. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये नळाने मुंबईस आले नसते, तर ही पुष्पदेवता कोरडीच उभी राहिली असती. पुढे ऑक्टोबर १८६५ मध्ये शहरातील काही रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. म्हणजे पाणी आले, दिवाही आला. कॅमेरा तर आधीपासून होताच. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या एतद्देशीय सभासदांपैकी एक होते. मग रात्रीचे चित्र का निघू नये?

कारण काचेत होते. त्या काळची रीत अशी: काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्राव ओतावयाचा, ती चांदीच्या क्षारात बुडवावयाची, आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे. दहा-पंधरा मिनिटांत काच वाळू लागे आणि निकामी होई. मुंबईच्या उकाड्यात तर ही मुदत आणखी तोकडी पडावयाची. म्हणजे मंद प्रकाशात तासभर थांबण्याची सोयच नाही. शिवाय दुसरी अडचण अधिक सूक्ष्म होती. ती काच निळ्या व जांभळ्या किरणांनाच ओळखी. पिवळा-तांबडा प्रकाश तिला अंधारासारखाच. आणि गॅसची ज्योत असते ती नेमकी पिवळी! माणसाच्या डोळ्यास जो चौक झगमगलेला दिसे, तो काचेच्या दृष्टीने काळोखात बुडालेला असे.

ह्या कलेतील आपल्याकडचे सर्वांत मोठे नाव माळव्यातच घडले. लाला दीनदयाळ हे मूळचे सरधन्याचे. रुरकीस शिक्षण घेऊन १८६६ मध्ये ते इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि १८७४ च्या सुमारास कॅमेऱ्याकडे वळले. मध्य हिंदुस्थानातील गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डेली ह्यांनी त्यांना उत्तेजन दिले. नर्मदाकाठच्या नेमावरच्या शेजारचे खातेगांव तेव्हा ह्याच इंदूर संस्थानात होते. पुढे निजामाने त्यांना राजा हा किताब दिला, आणि १८९६ मध्ये त्यांनी मुंबईच्या फोर्ट भागात आपला स्टुडिओ उघडला. इंदुरात हिशेब व नकाशे करणारा एक नोकर ह्या योग्यतेस चढला, ह्याचा माळव्याने अभिमान बाळगावयास हवा. तो पुरेसा बाळगला जात नाही.

दीनदयाळांच्या उमेदीच्या काळातच काच बदलली. इंग्रज डॉक्टर मॅडॉक्स ह्याने १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या काचेची कृती प्रसिद्ध केली. बर्लिनच्या फोगेल ह्याने १८७३ मध्ये काचेत रंग मिसळून तिला हिरव्या-पिवळ्या प्रकाशाची ओळख करून दिली. आता तिवईवर कॅमेरा ठेवून रात्रभर उभे राहिले तरी काच वाळण्याची भीती नव्हती. लंडनच्या पॉल मार्टिनने १८९५-९६ मध्ये गॅसच्या उजेडातील लंडनची चित्रे घेऊन नाव मिळविले. न्यूयॉर्कला स्टिगलिट्झ ह्यानेही तोच उद्योग केला. पॅरिसचा ब्रासाई १९३० नंतर आपल्या सिगारेटीवर वेळ मोजी: एक सिगारेट संपली की भिंग झाकावयाचे, आणि अंधार अधिक असला तर जाड सिगारेट पेटवावयाची. ह्या हिशेबालाही एक खोच होती. उजेड निम्मा झाला म्हणून वेळ दुप्पट केली तर चित्र फिकेच येते. फार मंद प्रकाशात काच आळसावते. तिला दुपटीहून बराच अधिक वेळ द्यावा लागतो. ज्योतिषी श्वार्ट्सशिल्ड ह्याने ताऱ्यांची चित्रे घेताना गेल्या शतकाच्या आरंभास हा नियम मांडला.

येथवर आल्यावर पाणी आडवे येते. भिंग दोन मिनिटे उघडे ठेवले तर कारंज्याच्या धारा पिंजलेल्या कापसासारख्या किंवा सांडलेल्या दुधासारख्या उमटतात. उलट, विजेच्या ठिणगीने क्षणार्धात चित्र घ्यावे (टॅलबॉटने १८५१ मध्येच गरगर फिरणाऱ्या चक्रावरील छापील कागद असा टिपला होता) तर पाण्याचे काचमणी होऊन हवेत टांगल्यासारखे दिसतात. कारंज्याजवळ उभा राहिलेला मनुष्य ह्यांपैकी काहीच पाहत नाही. तो पाहतो ती मोडणारी आणि पुन्हा सावरणारी धार. मग खरे चित्र कोणते? दोन्ही खोटी म्हणणे सोपे आहे, पण योग्य नव्हे. एक काळाची बेरीज आहे, दुसरे त्याचा एक कण आहे. मात्र पाहणाऱ्याने त्यांतील भेद जाणला पाहिजे, नाही तर मोठी फसगत होते.

ती फसगत पाण्याच्या बाबतीत निरुपद्रवी असते. माणसांच्या बाबतीत नसते. डागेर ह्याने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका वर्दळीच्या रस्त्याचे चित्र घेतले. त्यात गाड्या नाहीत, घोडे नाहीत, गर्दी नाही. काही मिनिटे एका जागी उभा राहून बूट पुसून घेणारा एक मनुष्य तेवढा उरला. जे हलले ते पुसले गेले. रात्रीच्या फ्लोरा फाउंटनचेही असेच होते. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ रोजी ती कायमची थांबली. त्या मधल्या वर्षांत ह्या चौकात रात्री भिंग बराच वेळ उघडे ठेवणाऱ्यास ट्रामच्या दिव्यांच्या रेघा मिळावयाच्या. ट्राम नव्हे, तिच्यातील माणसेही नव्हेत. देवता मात्र स्वच्छ, शुभ्र, निश्चल.

आणि ह्याच चौकात माणसे पडली आहेत. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी विधिमंडळाकडे निघालेल्या जनसमुदायावर ह्या परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. पुढच्या काळात त्या चळवळीत बळी पडलेल्यांची संख्या शंभरावर गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली तेव्हा मुंबई द्वैभाषिकात राहिली, आणि त्याच दिवशी मध्य भारत हे राज्य मध्य प्रदेशात विलीन होऊन देवास, धार, खातेगांव हा सारा मुलूख तिकडे गेला. मुंबईसह महाराष्ट्र १ मे १९६० रोजी झाला. माळव्यातील मराठी कुटुंबे होती तेथेच राहिली, आणि घरात मराठी व बाजारात माळवी-हिंदी बोलत राहिली. फ्लोरा फाउंटनच्या चौकास त्या गोळीबाराची आठवण म्हणून हुतात्मा चौक असे नाव मिळाले, आणि कारंज्याशेजारी १९६१ मध्ये मशाल धरलेल्या शेतकरी व कामगाराचे स्मारक उभे राहिले.

कारंज्याची स्थिती मध्यंतरी खालावली होती. दगडावर तैलरंगाचे थरावर थर चढविले गेले होते. पोर्टलंडचा दगड असा रंगविणे म्हणजे त्याचा श्वास कोंडणे होय. महानगरपालिकेने दुरुस्ती हाती घेऊन रंग उतरविला, पाण्याची यंत्रणा नीट केली, आणि जानेवारी २०१९ मध्ये कारंजे पुन्हा वाहते झाले. परिसरातील काम चालू असता रस्त्याखाली जुन्या ट्रामचे रूळही सापडले. आता रात्री तेथे दिव्यांची योजना असते, आणि खिशातील दूरध्वनी एका दमात अनेक चित्रे घेऊन त्यांची बेरीज आपोआप करतो. मार्टिनची तिवई नको, ब्रासाईची सिगारेट नको. हलणारी माणसे त्या बेरजेतही पुसट होतात. तिवई चौकाच्या एका कडेस रोविली तर देवता एकटीच चौकटीत येते. थोडे बाजूस सरकले की तिच्या मागे मशालीचे टोकही दिसू लागते.