कडू साल आणि भूगोलाचे अध्यक्ष

श्रोतेहो, हिवतापावरचे कडू क्विनाइन ठाऊक आहे ना? ते दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीतून मिळते. क्लेमेंट्स मार्कहॅम यांनी १८६० साली पेरू देशातून, स्थानिकांचा विरोध डावलून, त्याची रोपे आणली. ती काही जगली नाहीत. सहकारी रिचर्ड स्प्रूस यांनी इक्वेडोरमध्ये जमवलेले बी मात्र नीलगिरीत रुजले. पुढे १८९३ ते १९०५ मार्कहॅम लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे अध्यक्ष होते; स्कॉटची १९०१ची अंटार्क्टिका मोहीम त्यांनीच नेटाने उभी केली.

गुरुजी, नकाशा शिकवताना एवढे विचारा: औषध जगाला मिळाले हे खरे, पण ज्यांच्या डोंगरातले झाड, त्यांना काय मिळाले?