मंद प्रकाशातील सौर घट

खोलीतील दिव्यांच्या उजेडावर वीज निर्माण करणारे प्रकाशविद्युत् घट. भर उन्हात प्रदीप्ती सु. १,००,००० लक्स, तर घरात वा कार्यालयात जेमतेम काहीशे लक्स असते. अशा उजेडात स्फटिकी सिलिकॉन मागे पडते. त्याची अवरक्त किरणे शोषण्याची क्षमता अनुस्फुरक दिव्यांखाली वाया जाते आणि मुळातच क्षीण असलेल्या प्रवाहाचा बराच अंश घटातील गळतीत नष्ट होतो. डी. ई. कार्लसन व सी. आर. रॉन्स्की यांचा अस्फटिकी सिलिकॉनाचा घट (१९७६) उन्हात अवघा २·४% कार्यक्षम होता. तथापि १९८० मध्ये सान्यो कंपनीने याच दुबळ्या पदार्थाचे घट गणकयंत्रांत बसविले. १९९१ मध्ये ओरेगन व ग्रेट्सेल यांनी रंजक-संवेदित घट सिद्ध केला. तांब्याच्या जटिल संयुगांचे विद्युत् विच्छेद्य वापरून २०१७ मध्ये अशा घटाने १,००० लक्सला २८·९% कार्यक्षमता गाठली. अर्थात दिवा बदलताच हा आकडाही बदलतो.