दंड, जोडी आणि दुखरा खांदा

पन्नाशी उलटल्यावर लहानपणच्या व्यायामाकडे पुन्हां वळणारे गृहस्थ पुष्कळ असतात. मी त्यांतलाच एक. गेल्या श्रावणांत पहांटे उठून दंड काढण्यास मीं आरंभ केला आणि महिन्याभरांत पंचवीसांवरून शंभरांवर गेलों. मग एके सकाळीं सदऱ्याच्या बाहींत हात घालतांना उजव्या खांद्यांतून अशी कळ निघाली कीं, सदरा तसाच हातांत राहिला. 'हें वय का दंड काढण्याचें?' असा घरांतून सवाल झाला, आणि एका स्नेह्यानें तर दंड हा व्यायामच मुळीं अनैसर्गिक असल्याचा निकाल दिला. दोन्ही मतें मला पटलीं नाहींत. ज्या व्यायामावर पिढ्यान् पिढ्यांचे मल्ल पोसले, तो खांद्याचा वैरी असता तर तालमी केव्हांच ओस पडल्या असत्या. दोष व्यायामाचा कीं तो करण्याच्या रीतीचा, हा प्रश्न मनांत धरून मीं थोडा इतिहास चाळला.

चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर असलेल्या, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील 'मानसोल्लास' या ग्रंथांत मल्लविनोदाचें प्रकरण आहे. त्यांत मल्लांचे जे श्रम सांगितले आहेत, ते एका जातीचे नव्हेत. भार उचलण्याचे आहेत, चालण्याचे आहेत, पाण्यांतले आहेत आणि स्तंभावरचेहि आहेत. पुढें दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधरांनीं मल्लखांबाला नवें जीवन दिलें, अशी परंपरा आहे. तालमींतला दिनक्रम पाहिला तर तेथेंहि हीच विविधता दिसते. पोरगा आधीं हौद्यांतील माती फावड्यानें खणतो, मग दंड-बैठका काढतो, मग जोडी फिरवितो, खांबाला किंवा दोराला लोंबतो, आणि शेवटीं अंगाला तेल चोळून घेतो. दंडांत हात जमिनीस रेटतात. मल्लखांबावर तेच हात शरीराला वर ओढतात. जोडी फिरवितांना खांदा पाठीमागें वळतो व मोकळा होतो. असा हिशेब वस्तादांनीं शरीरशास्त्र वाचून मांडला नव्हता हें उघड आहे. तथापि शेंकडों पोरांचे खांदे डोळ्यांदेखत घडतांना व बिघडतांना पाहूनच तो बसला असावा, असें मला वाटतें.

या जोडीचें भाग्यहि मोठें विलक्षण. हिंदुस्थानांत आलेल्या इंग्रज सैनिकांनीं ती पाहिली, एकोणिसाव्या शतकांत ती विलायतेस व अमेरिकेस गेली, आणि 1904 व 1932 च्या ऑलिंपिक सामन्यांत तिची स्पर्धाहि झाली. परदेशीं जिचा असा मान झाला, ती आमच्या पांढरपेशा घरांत मात्र क्वचितच शिरली.

त्याचें कारण फार साधें आहे. विसाव्या शतकांत व्यायाम तालमींतून घरांत व शाळेंत आला. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा हिरिरीनें प्रसार केला, संस्थानच्या शाळांत ते सुरू केले, त्यांवर पुस्तकें लिहिलीं. बडोद्याहून मुजुमदारांचा 'व्यायामज्ञानकोश' 1936 पासून खंडाखंडानें निघूं लागला. या पुरुषांचे उपकार मोठे आहेत. त्यांना बोल लावण्याचा माझा अधिकार नाहीं. परंतु ज्या मध्यम वर्गानें हा व्यायाम उचलला, त्याच्यापाशीं हात-दोन हात रुंद जागा तेवढी होती. खांब कोठें रोंवणार? जोडी कोठें फिरविणार? त्यामुळें रेटण्याचा व्यायाम घरीं आला, आणि ओढण्याचा व फिरविण्याचा तालमींतच राहिला. शिवाय घरीं वस्ताद नसल्यानें त्याच्या जागीं आंकडा आला. गामा पहिलवानाच्या नांवावर रोजचे हजारों दंड सांगितले जातात. ते खरे धरले तरी तो आंकडा त्यानें लहानपणापासून चढवीत नेलेला होता. महिन्याभरांत शंभरावर उडी मारणारा प्राध्यापक त्यांत कोठें बसतो?

आतां खांद्याची रचना पाहूं. शरीराच्या सांध्यांत हा सर्वांत मोकळा, म्हणूनच सर्वांत परावलंबी. उथळ बशींत मोठें लिंबू ठेवावें तसा दंडाच्या हाडाचा गोळा फऱ्याच्या खोबणींत असतो, आणि त्याला जागेवर धरण्याचें काम चार लहान स्नायू व त्यांच्या कंडरा करितात. त्यांवर फऱ्याच्याच हाडाचें छप्पर असतें. बोस्टनचा शल्यवैद्य अर्नेस्ट कॉडमन यानें 1934 सालीं खांद्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. कमरेंत वांकून दुखरा हात लोलकासारखा सैल सोडावा व हलवावा, हा साधा उपाय त्याच्याच नांवें ओळखला जातो. 1972 सालीं न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीर यानें असें मांडलें कीं, कंडरा त्या हाडाच्या छपराखालीं घासते, म्हणून तें हाड पुढून तासावें. ही उपपत्ति इतकी सोपी व सुबक होती कीं, जगभर हजारों खांद्यांवर सुरी चालली. परंतु इंग्लंड व फिनलंड येथील 2018 सालच्या परीक्षांत हाड तासलेले रोगी आणि नुसती दुर्बीण घालून परत काढलेले रोगी यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. 2019 सालीं एका आंतरराष्ट्रीय मंडळानें अशा दुखण्यांत ती शस्त्रक्रिया करूं नये, असाच सल्ला दिला. आज वैद्यांचा भर पुन्हां बेताबेतानें वाढविलेल्या व्यायामावर आहे. कंडरेस झेपेल त्याहून अधिक भार झपाट्यानें पडला कीं ती दुखते. तो भार कमी करून हळूहळू चढविला कीं बहुधा सांवरते.

एवढें वाचून मी आमच्या पेठेंतील तालमीच्या वस्तादांकडे गेलों. त्यांनीं मला दहा दंड काढावयास लावले आणि चौथ्यालाच थांबविलें. "सर, तुम्ही दंड काढतच नाहीं, नुसते आंकडे मोजतां," ते म्हणाले. माझीं कोपरें गरुडाच्या पंखांसारखीं बाहेर फांकत होतीं, खांदे कानांपर्यंत चढत होते. त्यांनीं तळवे खांद्यांइतक्याच अंतरावर ठेवविले, कोपरें फांसळ्यांकडे आणविलीं, आणि जमीन सोडून भिंतीला हात लावून दंड काढावयास सांगितलें. मला लाज वाटली. आजूबाजूचीं पोरें हंसत होतीं. पंधरवड्यानें भिंतीवरून ओट्यावर, मग पायरीवर, असा मी खालीं उतरत गेलों. दुखणें दुसऱ्या दिवशींपर्यंत रेंगाळलें तर पायरी पुन्हां एक वर. दोराला धरून अंग ओढणें आणि हलकी जोडी, हीं दोन्ही रोज. पडून मार लागला असेल, हात उचलवतच नसेल किंवा रात्र-रात्र झोंप येत नसेल, तर आधीं डॉक्टर, मग तालीम, असें त्यांनीं आपण होऊन बजावलें.

तीन महिने झाले. सदरा विनातक्रार अंगांत जातो. जमिनीवरचे चाळीस दंड निघतात, आणि वस्तादांच्या परवानगीवांचून एकेचाळीसावा काढावयाचा नाहीं असें ठरलें आहे. जोडी मात्र दिवाणखान्यांत फिरविण्याचा प्रयोग एकदांच केला. तेव्हांपासून ती गच्चीवर असते, आणि दिव्याच्या फुटलेल्या हंडीचा विषय घरांत अजून संपलेला नाहीं.