54 हजार फॉर्म आणि एक रविवार

आमच्या धंद्यात डेटा मायग्रेशन नावाचा एक छळ असतो. जुन्या सिस्टिममधली माणसं नव्या सिस्टिममध्ये हलवायची. नव्वद टक्के सुरळीत जातात, उरलेली कुठल्याच खान्यात बसत नाहीत. अशाच एका जागरणाच्या शनिवारी मला हाँगकाँग आठवलं. तिथे रेकॉर्ड्स नव्हती, जिवंत माणसं होती.

1 जुलै 1997 ला हाँगकाँग चीनकडे जाणार हे 1984 च्या करारातच ठरलं होतं. म्हणजे हातात तेरा वर्षं! (आम्हाला तेरा दिवस मिळाले तरी पेढे वाटू.) पण ब्रिटनने त्याआधीच, 1981 च्या कायद्याने, वसाहतीतल्या नागरिकांना वेगळ्या खान्यात टाकलं होतं. नाव ब्रिटिश, पण ब्रिटनमध्ये राहायचा हक्क नाही. हाँगकाँगमुळे मिळालेला हा दर्जाही 1997 ला संपणार होता. त्याच्या जागी आणला बीएनओ, म्हणजे 'ब्रिटिश नॅशनल ओव्हरसीज'. पासपोर्ट मिळेल, पण राहायचा हक्क नाहीच, आणि मुलांना वारशाने मिळणार नाही. शिवाय तो आपोआप मिळत नव्हता, मुदतीत अर्ज करावा लागे. सगळे एकदम येऊन धडकू नयेत म्हणून 1993 पासून जन्मवर्षाप्रमाणे गट पाडून तारखा दिल्या. ही आयडिया मात्र झकास.

खरी गंमत (गंमत कसली म्हणा) पुढे आहे. बीएनओ व्हायचं तर आधी तो वसाहतीचा दर्जा हवा. चीनमध्ये जन्मून हाँगकाँगला आलेल्या लाखो लोकांकडे तो नव्हता. त्यांना त्यासाठी रीतसर अर्ज करायची शेवटची तारीख होती 31 मार्च 1996. त्या दिवशी रविवार होता. वान चायच्या इमिग्रेशन टॉवरबाहेर रांगा लागल्या आणि त्या एका दिवसात 54 हजारांहून जास्त अर्ज आले. राहायचा हक्क न देणाऱ्या पासपोर्टसाठी! मला यात वेडेपणा दिसत नाही. पुढे काय वाढून ठेवलंय ते माहीत नसलं की माणूस हाताला लागेल तो कागद धरून ठेवतो.

आणि कुठल्याच खान्यात न बसणारी माणसं? ती आपलीच. हाँगकाँगमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले भारतीय वंशाचे लोक. चीनने 1996 साली स्पष्ट केलं की चिनी वंशाचे रहिवासी हे चीनचे नागरिक. हे चिनी वंशाचे नाहीत. भारताचं नागरिकत्व नाही. ब्रिटन म्हणे, तुम्हाला आणि गरज पडली तर नातवंडांपर्यंत काहीतरी ब्रिटिश कागद देऊ, पण राहायला येऊ नका. वर्षानुवर्षं अर्जविनंत्या झाल्या, आणि अखेर मार्च 1997 मध्ये, म्हणजे हस्तांतरणाला जेमतेम साडेतीन महिने उरले असताना, कायदा होऊन त्यांना पूर्ण ब्रिटिश नागरिकत्वाची वाट मिळाली. रिलीजच्या आदल्या रात्रीचा पॅच म्हणतात तो हाच.

आपल्या गोव्यात हे उलटं झालं होतं. मार्च 1962 च्या आदेशाने गोवेकर सरसकट भारतीय नागरिक झाले. ज्याला आधीचंच नागरिकत्व ठेवायचं असेल त्याने महिन्याभरात तसं लेखी कळवायचं. म्हणजे काहीच न करणारा माणूस आत, हाँगकाँगमध्ये काहीच न करणारा बाहेर. डिफॉल्ट व्हॅल्यू कोणती ठेवायची यावर किती आयुष्यं फिरतात बघा.

असो. हा बीएनओ हळूहळू आपोआप मरेल असंच सगळे धरून चालले होते. मग 2020 चा सुरक्षा कायदा आला आणि 31 जानेवारी 2021 पासून ब्रिटनने बीएनओवाल्यांना राहायला येण्यासाठी व्हिसा सुरू केला. त्याच दिवसापासून चीनने तो पासपोर्ट मानणं बंद केलं. लोकांनी कपाटातले मुदत संपलेले पासपोर्ट शोधून काढून नूतनीकरणाला टाकले. पण ज्यांनी तेव्हा 'काय उपयोग याचा' म्हणून मुदतीत नोंदणीच केली नव्हती, त्यांना ती आता करता येत नाही. ती खिडकी 1997 लाच बंद झाली.