पाण्याखाली टाकीतून हवा गळू लागली तर? दोन टाक्यांचे डायव्हर काय करतात?

चारकोपच्या पलीकडे खाडी आहे, पण तिचं पाणी गढूळ. त्यामुळे स्कूबाची हौस असलेले मुंबईकर मालवण-तारकर्ली गाठतात. तिथे पर्यटकाच्या पाठीवर एकच टाकी असते आणि प्रशिक्षक सोबत असतो. खोल पाण्यात किंवा बुडालेल्या जहाजांत शिरणारे प्रशिक्षित डायव्हर मात्र दोन टाक्या नेतात.

दोन टाक्या कशासाठी?
दोन्ही टाक्या वरच्या बाजूला मॅनिफोल्ड नावाच्या नळीने जोडलेल्या असतात. त्यावर तीन व्हॉल्व्ह असतात: उजवा, डावा आणि मधला आयसोलेटर. उजव्या आणि डाव्या व्हॉल्व्हला स्वतंत्र रेग्युलेटर असतो. एक बिघडला तरी दुसऱ्यातून श्वास घेता येतो.

डोक्यामागे बुडबुड्यांचा आवाज आला तर?
घरात गॅसचा वास आला की आपण आधी रेग्युलेटर बंद करतो, कारण नंतर शोधतो. इथेही तसंच. क्रम प्रशिक्षण संस्थेनुसार थोडा बदलतो. एक प्रचलित पद्धत अशी:

1. सोबत्याला लगेच इशारा करायचा.
2. आयसोलेटर बंद करायचा. निम्मी हवा वाचते.
3. उजवा व्हॉल्व्ह बंद करायचा. बुडबुडे थांबले, तर गळती उजवीकडची. मग डाव्या बाजूचा, गळ्यात अडकवलेला रेग्युलेटर तोंडात घ्यायचा आणि आयसोलेटर पुन्हा उघडायचा.
4. बुडबुडे थांबले नाहीत, तर उजवा उघडून डावा बंद करायचा.
5. तरीही गळती सुरूच असेल, तर दोष मॅनिफोल्डमध्ये किंवा टाकीच्या तोंडाशी असू शकतो. अशा वेळी आयसोलेटर बंदच ठेवायचा.
6. गळती थांबली तरी डाइव्ह तिथेच संपवायची.

वाचलेली हवा किती पुरते?
30 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर हवा घेणाऱ्याला तिथे 80 लिटर लागते. 200 बारपर्यंत भरलेल्या 12 लिटरच्या एका टाकीत सुमारे 2400 लिटर हवा मावते, म्हणजे जेमतेम 30 मिनिटांची. म्हणूनच अनेक डायव्हर एक तृतीयांश हवा जाताना, एक तृतीयांश परतताना वापरतात आणि उरलेली संकटासाठी राखतात.

हे विसरू नका
प्रेशर गेज साधारणपणे डाव्या बाजूला असतो. आयसोलेटर बंद असेल तर तो फक्त डाव्या टाकीचा आकडा दाखवतो. घाबरून श्वास रोखून वर येणं सर्वांत धोक्याचं, कारण फुप्फुसांतली हवा प्रसरण पावून फुप्फुसं फाटू शकतात.

व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचणं सरावानेच जमतं. तो सराव प्रशिक्षकासोबत, उथळ पाण्यातच करावा.