ऑरिजेन, पुनर्जन्म आणि इ. स. ५५३

पुनर्जन्माचा विषय निघाला की एक विधान हमखास ऐकायला मिळते. ख्रिस्ती धर्मातही आरंभी पुनर्जन्म मानला जात असे, इ. स. ५५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने तो बायबलमधून काढून टाकला. आणि हे घडवून आणले सम्राट जस्टिनियनची राणी थिओडोरा हिने. विधान मोहक आहे. त्यात दडपलेले सत्य आहे, कारस्थानी राणी आहे, शिवाय आपल्या परंपरेला परस्पर मिळणारा दुजोराही आहे. अडचण एवढीच, की थिओडोरा इ. स. ५४८ मध्ये, म्हणजे परिषदेच्या पाच वर्षे आधीच निवर्तली होती. आणि परिषदेहून सुमारे दोनशे वर्षे जुनी बायबलची ग्रीक हस्तलिखिते आज आपल्यापुढे आहेत. पुढे वगळला गेला असा पुनर्जन्माचा उपदेश त्यांत कोठेही नाही.

तरीही ही दंतकथा निराधार कल्पनेतून जन्मली असे म्हणता येत नाही. तिच्या मुळाशी एक खरा माणूस आहे: अलेक्झांड्रियाचा ऑरिजेन.

ऑरिजेनचा जन्म इ. स. १८५ च्या सुमाराचा. तो तरुण असतानाच त्याचे वडील धर्मासाठी मारले गेले. पुढे सम्राट डेशियसच्या छळात त्याने स्वतः यातना सोसल्या आणि नंतर काही वर्षांतच तो वारला. ‘पेरी आर्खोन’, म्हणजे ‘मूलतत्त्वांविषयी’, या ग्रंथात त्याने मांडलेले विश्वचित्र विलक्षण आहे. सर्व बुद्धिमान जीव प्रथम समान निर्माण झाले व ईश्वराच्या चिंतनात रमले होते. मग त्यांचा उत्साह निवला. आत्म्यासाठी असलेला ग्रीक शब्द ‘प्सिखे’ त्याने ‘थंड होणे’ या क्रियापदाशी जोडला. आत्मा म्हणजे ईश्वरप्रेमाची ऊब गमावलेली बुद्धी. जो जेवढा ढळला तशी त्याची गती: कोणी देवदूत, कोणी मानव, कोणी सैतान. याकोब आणि एसाव हे जुळे भाऊ. ते जन्मण्यापूर्वीच ईश्वराने एकाला पसंत केले व दुसऱ्याला नाकारले, हा अन्याय कसा नव्हे? ऑरिजेनचे उत्तर असे, की त्यांच्या आधीच्या अवस्थेतील गुणदोष त्याला कारण आहेत. कर्मसिद्धान्तावर वाढलेला वाचक येथे दचकतो. घर ओळखीचे वाटते.

पण उंबरठा ओलांडला की घर आपले नव्हे हे कळते. बाप्तिस्मा करणारा योहान म्हणजे पुन्हा आलेला एलिया काय, असा प्रश्न मत्तयाच्या शुभवर्तमानातून उद्भवतो. पुनर्जन्माच्या समर्थकांचा हा लाडका उतारा. त्यावरील भाष्यात ऑरिजेन थांबून सांगतो की आत्म्याचे एका देहातून दुसऱ्या देहात जाणे ही चर्चची शिकवण नाही. योहानात एलियाचा आत्मा नव्हता, एलियाचे सामर्थ्य होते. त्याचा युक्तिवादही ध्यानात घेण्याजोगा आहे. पापामुळे आत्मा दुसऱ्यांदा देहात येत असेल, तर तिसऱ्यांदा, चौथ्यांदा का येऊ नये? मग जगाला अंत तो केव्हा? ज्या चक्राला आपण संसार म्हणतो, त्याची कल्पना त्याला करता आली होती. इतिहासाला शेवट आहे या श्रद्धेपायी त्याने ती नाकारली.

येथे एक कबुली आवश्यक आहे. ‘पेरी आर्खोन’चा मूळ ग्रीक पाठ बहुतांशी नष्ट झाला आहे. संपूर्ण स्वरूपात उरले आहे ते रुफिनसने इ. स. ३९८ मध्ये केलेले लॅटिन भाषांतर. आणि संशयास्पद जागा आपण सुधारून घेतल्या, हे रुफिनस स्वतःच सांगतो. उलट जेरोम आरोप करतो की मूळ ग्रंथात आत्मा पशुयोनीपर्यंत घसरण्याची शक्यताही चर्चिली होती. एकीकडे चाहत्याची रंगसफेदी, दुसरीकडे विरोधकाचे आरोपपत्र. ऑरिजेन आपल्याला या दोहोंमधून वाचावा लागतो. माझे मत असे, की तो आत्म्याचे पूर्वास्तित्व आणि एकामागून एक येणारी विश्वे मानत होता. याच पृथ्वीवर पुनःपुन्हा जन्म मानत नव्हता.

इ. स. ५५३ शी ज्यांचा संबंध जोडला जातो त्या पंधरा निषेधवचनांचा रोखही आत्म्याच्या पूर्वास्तित्वावर व सर्वांच्या अंतिम पुनर्मीलनावर आहे. ती परिषदेच्या अधिकृत कामकाजात संमत झाली का, यावर अभ्यासकांत वाद आहे. परिषद भरली होती ती मुख्यतः दुसऱ्याच एका वादासाठी.

पुनर्जन्माला नकार तर त्याआधीच ठरून गेला होता. इ. स. १८० च्या सुमारास आयरेनियस विचारतो, मागचे जन्म कोणालाच कसे आठवत नाहीत? पुढे तर्तुलियन खोचकपणे विचारतो, मेलेलेच पुन्हा जन्मत असतील तर माणसांची संख्या वाढते कशी? ही वकिली झाली. खरा गाभा सापडतो तो निसाच्या ग्रेगरीच्या ‘आत्मा आणि पुनरुत्थान’ या संवादात. थोरली बहीण माक्रिना मृत्युशय्येवर आहे. धाकटा भाऊ, स्वतः बिशप असूनही, संशयवाद्याची भूमिका घेतो, आणि उत्तरे ती देते. ग्रंथात तो तिला गुरूच म्हणतो. विखुरलेल्या देहाचे कण आत्मा कसे ओळखणार? माक्रिना म्हणते, मिसळलेले रंग पुन्हा वेगळे झाले तरी चित्रकार आपला रंग ओळखतोच. फुटलेल्या मडक्यांच्या खापऱ्यांतून धन्याला आपले भांडे कळते. जीर्ण वस्त्र टाकून नवे नेसावे तसा देह, ही आपली प्रतिमा. माक्रिनाच्या लेखी मात्र देह वस्त्र नव्हे. आत्म्याची खापरीशीही ओळख आहे, आणि मृत्यूनंतरही तो ती विसरत नाही. गंमत म्हणजे सर्वांच्या अंतिम उद्धाराची ऑरिजेनची आशा ग्रेगरीनेही बाळगली. पण त्याचा निषेध कोणी केला नाही.

मराठी अभ्यासकाने येथे शब्दांकडेही पाहावे. ‘पुनर्जन्म’ आणि ‘पुनरुत्थान’ हे एकाच उपसर्गाने सुरू होतात, आणि तेथूनच त्यांच्या वाटा फुटतात: एकात दुसरा देह, दुसऱ्यात तोच. फादर स्टीफन्सने ‘क्रिस्तपुराणा’त (१६१६) स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोच घेतला. स्थळाचे नाव असे उसने घेता येते. पण तेथे पोहोचण्याआधी माणूस किती वेळा जगतो, हा हिशेब नावाबरोबर येत नाही.

ऑरिजेनचा शोध अजून संपलेला नाही. १९४१ मध्ये कैरोजवळच्या तुरा येथील खाणींत पपायरस सापडले. त्यांत एका धर्मसभेतील त्याच्या चर्चेचे टिपण होते. २०१२ मध्ये म्युनिकच्या ग्रंथालयातील एका ग्रीक हस्तलिखितात स्तोत्रांवरील त्याची २९ प्रवचने ओळखली गेली. तुराच्या टिपणात सभेतील एक जण त्याला विचारतो: आत्मा म्हणजे रक्तच काय? तसे असेल तर तो प्रेताबरोबर थडग्यातच राहणार. ऑरिजेन प्रश्न टाळत नाही. तो ‘रक्त’ या शब्दाचा अर्थ उलगडू लागतो.